एलईडीला करंट मोजून द्या : बॅटरीवरचा तीन वॅटचा दिवा, पहिल्या वायरीपासून

मामांच्या पडवीसाठी मी केलेला पहिला पॉवर एलईडीचा दिवा अडीच महिन्यांत गेला. एक-एक वॅटचे तीन पांढरे एलईडी एकामागे एक जोडलेले, १२ व्होल्ट ७ अँपियर-तासाची सीलबंद बॅटरी आणि मध्ये १० ओहमचा रेझिस्टर, एवढीच जोडणी. भारनियमनात संध्याकाळी प्रकाश छान पडायचा. घात व्हायचा तो वीज आल्यावर. चार्जर सुरू व्हायचा, बॅटरीचं व्होल्टेज १४.४ पर्यंत चढायचं आणि दिवा बंद करायचं कुणाच्या लक्षात राहायचं नाही. आधी एक एलईडी निळसर दिसू लागला, मग तो मिचमिचायला लागला आणि एका रात्री तिन्ही विझले.

नंतर कागदावर मांडलं तेव्हा कारण दिसलं. बॅटरी १२.६ व्होल्टला असताना तीन एलईडींवर मिळून ९.६ व्होल्ट पडत होते. उरलेल्या ३ व्होल्टना १० ओहम, म्हणजे ३०० मिलिअँपियर. इथवर ठीक. पण १४.४ व्होल्टला हाच करंट ४४० मिलिअँपियरच्या आसपास जातो, आणि बॅटरी ११.५ वर उतरली की जेमतेम २२० उरतो. ज्या एलईडीची मर्यादा ३५० मिलिअँपियर, त्याला मी रोज तासन्‌तास सव्वापट करंट देत होतो. त्यानंतर मी पॉवर एलईडी नुसत्या रेझिस्टरवर कधी चालवला नाही. तोच दिवा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरवर कसा करायचा, ते इथे पायरीपायरीने सांगतो.

आधी एलईडीचा स्वभाव

जुन्या पिवळ्या बल्बची तार तापली की तिचा रोध वाढतो, म्हणून बल्ब स्वतःचा करंट स्वतःच आवरतो. एलईडीचं याच्या अगदी उलट आहे. एक वॅटच्या पांढऱ्या एलईडीला ३.२ व्होल्टऐवजी ३.४ व्होल्ट दिले की करंट दीडपटीच्या पुढे जातो. दोन दशांश व्होल्टचा फरक बॅटरी आणि वायरी दिवसभर करतच असतात.

त्यात उष्णतेची भर पडते. एलईडी तापला की त्याला तोच करंट वाहून न्यायला कमी व्होल्टेज लागतं. दर अंशामागे साधारण २ ते ४ मिलिव्होल्ट. पन्नास अंशांनी तापला तर ०.१ ते ०.२ व्होल्ट. व्होल्टेज स्थिर धरलं असेल तर तापलेला एलईडी जास्त करंट ओढतो, त्यामुळे आणखी तापतो, मग आणखी ओढतो. शिवाय एकाच पाकिटातल्या दोन एलईडींना एकाच करंटला ३.० आणि ३.३ व्होल्ट लागू शकतात. म्हणून “याला ३.२ व्होल्टचा अडॅप्टर लावू का?” या प्रश्नाला माझं उत्तर नेहमी नाही असंच असतं.

कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर करंट धरून ठेवतो आणि व्होल्टेज मोकळं सोडतो. एलईडी गार असो वा गरम, त्याला लागेल तेवढं व्होल्टेज ड्रायव्हर आपणहून पुरवतो.

पहिली पायरी : करंट ठरवा

एक वॅटच्या एलईडीवर सहसा ३५० मिलिअँपियर लिहिलेलं असतं आणि तीन वॅटच्यावर ७००. मी एक वॅटचा ३०० वर चालवतो. डोळ्याला प्रकाशातला फरक कळतही नाही, पण एलईडी बराच गार राहतो. बाजारातल्या सुट्या एलईडींवर छापलेला वॅटचा आकडा भरवशाचा नसतो, हेही एक कारण. तीन वॅटचा म्हणून घेतलेला एलईडी ५०० वर चालवून पाहा, पुरेसा वाटला तर तिथेच थांबा.

एलईडी घेताना तो २० मिलिमीटरच्या चांदणीच्या आकाराच्या ॲल्युमिनियम बोर्डावर बसवलेलाच घ्या. सुट्या एलईडीच्या तळाची धातूची चकती घरी नीट बसवणं अवघड जातं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या भागात हे सगळं सामान सुटं मिळतं.

दुसरी पायरी : किती एलईडी, आणि कसे जोडायचे

एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये. सिरीजमध्ये सगळ्यांतून तोच करंट वाहतो, त्यामुळे कुणाला कमी कुणाला जास्त हा प्रश्नच उरत नाही. समांतर जोडले तर ज्याला कमी व्होल्टेज पुरतं तो जास्त करंट घेतो, तापतो आणि आणखी घेतो. ६०० मिलिअँपियरचा ड्रायव्हर आणून ३०० चे दोन एलईडी समांतर लावलेले मी पाहिलेत. त्यातला एक मेला की दुसऱ्यावर सगळे ६०० येतात आणि तोही लगेच जातो.

आपल्या बॅटरीवर तीन एलईडी बसतात: ३ × ३.२ = ९.६ व्होल्ट. चार लावले तर १२.८ होतात. खाली उतरवणारा, म्हणजे बक प्रकारचा ड्रायव्हर स्वतःला मिळतं त्याहून जास्त व्होल्टेज देऊ शकत नाही, त्यामुळे बॅटरी थोडी उतरली की प्रकाश मंदावेल. तीनच ठेवा.

तिसरी पायरी : ड्रायव्हर निवडा

घरी करण्याजोगे दोन मार्ग आहेत. पहिला एलएम३१७. हा मुळात व्होल्टेज रेग्युलेटर, पण त्याच्या आउटपुट आणि ॲडजस्ट या दोन पायांमध्ये तो कायम १.२५ व्होल्ट धरून ठेवतो. त्या दोन पायांत रेझिस्टर लावा आणि एलईडीची धन वायर ॲडजस्टच्या पायापासून घ्या, झाला कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर. करंट = १.२५ ÷ रेझिस्टर. ४.७ ओहमला २६६ मिलिअँपियर, ३.९ ओहमला ३२०. मी ४.७ ओहम, १ वॅट घेतो. छापील बाजू आपल्याकडे धरली की पाय डावीकडून ॲडजस्ट, आउटपुट, इनपुट असे येतात. मागचा धातूचा पत्रा आतून आउटपुटला जोडलेला असतो. तो दिव्याच्या धातूच्या अंगाला टेकवायचा असेल तर मध्ये अभ्रकाचा वॉशर हवाच.

यात अडचण अशी की एलएम३१७ ला काम करायला एलईडीच्या व्होल्टेजवर आणखी जवळपास ३ व्होल्ट लागतात. तीन एलईडींचे ९.६ आणि हे ३ मिळून १२.६ होतात, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी. अर्ध्या तासात प्रकाश घसरायला लागेल. म्हणून एलएम३१७ वर दोनच एलईडी चालतात, आणि उरलेले ६ व्होल्ट उष्णतेत जातात: बॅटरीतून सव्वातीन वॅट घेतले तर एलईडीपर्यंत १.७ वॅट पोचतात. करंट कसा धरला जातो हे समजून घ्यायला याच्यासारखं सोपं साधन नाही. शिकायला एकदा जरूर बनवा.

रोजच्या वापराचा दिवा मात्र दुसऱ्या मार्गाने, पीटी४११५ या चिपवर करा. पाच पायांची ही चिमुकली चिप ६ ते ३० व्होल्टवर चालते. ती करंट जाळून कमी करत नाही. कॉइलमधून अतिशय वेगाने चालू-बंद करत राहते. बॅटरीतून तेवढेच ३.२ वॅट घेऊन ती एलईडींना सुमारे २.९ वॅट देते. त्याच बॅटरीवर तेवढाच वेळ, पण उजेड जवळपास पावणेदोन पट.

चौथी पायरी : पीटी४११५ चं मॉड्युल ओळखा आणि दुरुस्त करा

नाण्याएवढ्या पट्टीवर चिप, कॉइल, डायोड आणि एक-दोन बारीक रेझिस्टर बसवलेलं तयार मॉड्युल मिळतं. मी तेच घेतो. दुकानदार “३५० चं आहे” म्हणाला तरी विश्वास त्या बारीक रेझिस्टरवर ठेवायचा. हिशेब असा: करंट = ०.१ ÷ रेझिस्टर. त्यावर ‘आर३३०’ छापलेलं असेल तर ०.३३ ओहम, म्हणजे ३०३ मिलिअँपियर. ‘आर३००’ म्हणजे ३३३. ‘आर१३०’ असेल तर तब्बल ७६९, ते मॉड्युल तीन वॅटच्या एलईडीसाठी आहे. कधीकधी दोन रेझिस्टर समांतर असतात, तेव्हा दोघांचा मिळून रोध काढा. करंट जास्त निघाला तर रेझिस्टर काढून ०.३३ चा लावता येतो. बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न, चिमटा आणि थोडी फ्लक्स पेस्ट एवढं पुरतं.

स्वतः जोडणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ३०० मिलिअँपियरला १०० मायक्रोहेन्रीची कॉइल घ्या आणि तिची करंटची मर्यादा निदान ६०० मिलिअँपियर असू द्या. डायोड शॉट्कीच हवा, १एन५८१९ चालतो. घरात पडलेला १एन४००७ लावून चालणार नाही. तो या वेगाला वेळेवर बंद होत नाही, मग चिप तापते आणि जाते.

आता ज्यात सगळ्यात जास्त लोक फसतात ती गोष्ट. या चिपमध्ये करंट मोजणारा रेझिस्टर धन बाजूला आहे आणि चालू-बंद करणारा स्विच ऋण बाजूला. त्यामुळे एलईडीची ऋण वायर आणि बॅटरीची ऋण वायर एक नाही. वायरी वाचवायला म्हणून दोन्ही एकत्र केल्या, किंवा एलईडीची ऋण वायर दिव्याच्या पत्र्याला लागली आणि पत्रा बॅटरीच्या ऋणाला जोडलेला असला, की एलईडी जवळजवळ थेट बॅटरीवर येतात. मध्ये उरतो फक्त ०.३३ ओहम. क्षणात खेळ आटोपतो. मॉड्युलच्या एलईडी धन आणि एलईडी ऋण या दोन वायरी एलईडीकडेच जाऊ द्या, दुसऱ्या कशालाही लावू नका.

पाचवी पायरी : एलईडी लावण्याआधी ड्रायव्हर तपासा

ही पायरी गाळू नका. ३३ ओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर आणा आणि एलईडीच्या जागी तो ड्रायव्हरला जोडा. बॅटरी लावून रेझिस्टरच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज मोजा. ३०० मिलिअँपियर असतील तर ३३ × ०.३ = ९.९ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा ९.५ ते १०.५ मध्ये असेल तर पुढे जा. बॅटरीच्या व्होल्टेजच्या आसपास, म्हणजे १२ वर चिकटलेला दिसला तर ड्रायव्हर जास्त करंटचा आहे किंवा करंट धरतच नाही. मागच्या पायरीवर परत जा. रेझिस्टर दोन मिनिटांत चांगला तापतो, तेव्हा तो प्लास्टिकवर किंवा कागदावर ठेवू नका. एलएम३१७ साठी हीच चाचणी २२ ओहमवर करा, ५.९ व्होल्टच्या आसपास यायला हवेत.

या चाचणीत एक चुकीचा ड्रायव्हर पकडला गेला तरी तीन एलईडी वाचतात. मीटर करंटवर लावून मोजणंही बरोबरच आहे. पण लाल पिन १० अँपियरच्या भोकात घातली आहे ना ते आधी पाहावं लागतं, आणि काम झाल्यावर ती परत व्होल्टच्या भोकात न घालता कुणीतरी बॅटरीला टेकवतोच. व्होल्टेज मोजून करंट काढण्यात हा धोका नाही.

सहावी पायरी : उष्णतेची सोय

एलईडीला दिलेल्या विजेतली निम्म्याहून जास्त उष्णताच होते. बल्बची उष्णता प्रकाशाबरोबर पुढे फेकली जाते, तशी एलईडीची जात नाही. ती पाठीमागून धातूतूनच काढावी लागते. हिशेबाला मी सगळे तीन वॅट उष्णताच धरतो.

हीटसिंक विकत आणायलाच हवा असं नाही. खिडक्यांचं ॲल्युमिनियम सेक्शनचं काम करणाऱ्याकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात. १० × १० सेंटिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा सपाट तुकडा आणा. दोन्ही बाजूंना हवा लागली तर तीन वॅटला तो खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १५ ते २० अंश वर जातो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात घरातच ४२ अंश असतात असं धरा. पत्रा ६० वर जाईल, आणि एलईडीच्या आतला कण त्याहून दहा-बारा अंश वर, म्हणजे ७० च्या पुढे थोडा. हे चालतं. हाच पत्रा बंद प्लास्टिकच्या डब्यात कोंडला तर हिशेब कोलमडतो. डब्याला वर-खाली भोकं पाडा किंवा पत्राच डब्याची पाठ करा.

पॉलिश पेपर मारून पत्रा सपाट आणि स्वच्छ करा. चांदणीच्या पाठीला तांदळाच्या दाण्याएवढी हीटसिंक पेस्ट लावून दाबून पसरू द्या. जाड थर लावल्याने जास्त गार राहतो हा गैरसमज आहे. पेस्ट फक्त बारीक पोकळ्या भरण्यासाठी असते. चांदणीच्या खाचांतून दोन स्क्रू, डोक्याखाली प्लास्टिकचा वॉशर, कारण सोल्डरिंगच्या जागा अगदी लगत असतात. पेस्टशिवाय किंवा दुहेरी चिकटपट्टीवर चिकटवलेला पॉवर एलईडी काही मिनिटंच चालवून पाहण्यापुरता ठीक.

वायरी चांदणी पत्र्यावर बसवण्यापूर्वीच सोल्डर करून घ्या. एकदा पत्र्यावर बसली की आयर्नची सगळी उष्णता पत्रा पिऊन टाकतो आणि सांधा कच्चा राहतो.

सातवी पायरी : जोडणी आणि पहिला उजेड

बॅटरीच्या धन टोकाला लागूनच १ अँपियरचा फ्यूज. त्यानंतर स्विच, मग ड्रायव्हरचा इनपुट. छोट्या बॅटरीतूनसुद्धा शॉर्ट झाल्यावर वायर लाल होण्याइतका करंट येतो, म्हणून फ्यूज बॅटरीजवळच हवा, दिव्याजवळ नव्हे. घरात कुणी बॅटरी उलटी लावण्याची शक्यता असेल तर धन वायरीत एक शॉट्की डायोड घाला. ०.३ व्होल्ट जातील, ड्रायव्हर वाचेल.

एलईडी जोडूनच मग स्विच चालू करायचा. चालू ड्रायव्हरला नंतर एलईडी टेकवणं टाळा. एलईडी नसताना काही ड्रायव्हरांचं आउटपुट आपल्या कमाल व्होल्टेजला जाऊन बसतं आणि आतला कपॅसिटर भरलेला असतो. एलईडी टेकताच तो सगळा भार एका क्षणात त्यातून जातो. विजेवर चालणाऱ्या ड्रायव्हरांत हे जास्त घडतं. “जोडला, चमकला आणि मेला” अशा तक्रारींमागे बरेचदा हेच असतं.

पेटलेल्या एलईडीकडे सरळ पाहू नका. पुढे दुधी ॲक्रिलिकचा तुकडा लावला की प्रकाश मऊ होतो आणि वहीवर तीन सावल्या पडत नाहीत. दहा मिनिटांनी एलईडींवरचं एकूण व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. दुसरा आकडा थोडा कमी येईल, तो उष्णतेमुळे. पण तो खाली सरकतच राहिला, थांबतच नाही, तर एलईडी तापत चालला आहे. पेस्ट आणि स्क्रू पाहा. तापमापक नसताना आतल्या उष्णतेचा अंदाज घ्यायची माझ्याकडची ही सगळ्यात भरवशाची रीत आहे. पत्र्याला बोट लावून पाच सेकंद धरवलं तर सोय ठीक आहे असं समजा.

बॅटरी किती पुरते

३.२ वॅट भागिले १२.३ व्होल्ट, म्हणजे सुमारे ०.२६ अँपियर. ७ अँपियर-तासातले निम्मेच वापरायचे ठरवले तर जवळपास तेरा तास. लेड-ॲसिड बॅटरी रोज पूर्ण रिकामी केली की लवकर म्हातारी होते, म्हणून निम्मे.

इथे पीटी४११५ ची एक खोड ध्यानात ठेवा. ती एलईडींना तेवढीच वीज देत राहते, त्यामुळे बॅटरी उतरते तसा ती बॅटरीतून *जास्त* करंट ओढते. १४ व्होल्टला ०.२३, तर ११ ला ०.२९ अँपियर. प्रकाश शेवटपर्यंत एकसारखा राहतो आणि बॅटरी संपत आल्याचं कळतच नाही. दिवा मंद दिसेपर्यंत बॅटरी १० व्होल्टजवळ पोचलेली असते, आणि ती तिला इजा करणारी पातळी आहे. १०.८ ते ११ व्होल्टला तोडणारं लो-बॅटरी कटऑफ मॉड्युल मध्ये घाला.

प्रकाश कमी-जास्त करायचा असेल तर चिपचा डिम पाय मोकळा न ठेवता त्याला ०.५ ते २.५ व्होल्ट द्या, त्या प्रमाणात करंट बदलतो. ०.३ च्या खाली नेला की दिवा बंद.

विजेवरचे ड्रायव्हर घेणाऱ्यांसाठी

२३० व्होल्टवर चालणारे छोटे ड्रायव्हर घेताना त्यावरचे दोन आकडे वाचा: करंट, आणि आउटपुट व्होल्टेजची कक्षा. ‘८-१२ × १ वॅट, ३०० मिलिअँपियर, २४-४२ व्होल्ट’ असं असेल तर त्यावर कमीत कमी आठ एलईडी हवेत. तीन लावले तर दिवा लुकलुकत राहील आणि लोक एलईडीला दोष देतील. स्वस्त ड्रायव्हरांत बरेच असे असतात की एलईडीची बाजू विजेच्या मुख्य वायरीपासून वेगळी नसते. आउटपुट ३० व्होल्टचं असलं तरी त्या वायरीला हात लावल्यावर शॉक बसतो, आणि तो जीव घेऊ शकतो. वेगळं केलेलं आहे असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर प्रत्येक ड्रायव्हरचं आउटपुट जिवंतच समजा, आणि मुलांच्या हाताशी येणाऱ्या दिव्यात ते वापरू नका.

बिघडला तर

एकदम तिन्ही विझले: एक एलईडी आतून तुटला आहे. मीटरच्या डायोड सेटिंगवर एकेक तपासा. चांगला एलईडी मंद पेटतो. मीटर कमी व्होल्टेज देणारा असेल तर पेटणार नाही, तेव्हा ९ व्होल्टची बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर लावून पाहा. एकच विझला, दोन चालू: तो शॉर्ट झाला आहे, आणि बाकीचे सुरक्षित आहेत, कारण करंट ड्रायव्हरने धरलेला आहे. रेझिस्टरवर असते तर उरलेल्या दोघांवर करंट लगेच वाढला असता.

प्रकाश निळसर झाला: पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. जास्त करंट किंवा उष्णतेने त्या लेपाचं काम मंदावतं आणि निळा वर येतो. तो एलईडी बदलाच, पण बदलण्याआधी ३३ ओहमची चाचणी पुन्हा करा.

दिवा लुकलुकतो आणि मॉड्युल बारीक शिट्टी घालतं: इनपुटला बॅटरीपासून लांब, बारीक वायर आहे. मॉड्युलच्या इनपुटवरच १०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर लावा आणि वायर जाड करा.

मामांच्या पडवीतल्या नव्या दिव्याच्या पाठीवर मी मार्करने लिहून ठेवलंय: ३ एलईडी सिरीज, ३०० मिलिअँपियर, गरम झाल्यावर ९.४ व्होल्ट, एलईडीची ऋण वायर बॅटरीच्या ऋणाला लावू नये. पुढे तो उघडणारा मी असेन असं नाही.